ओपांची हस्तिदंती सुरी: विकू, सांगलीला नेऊ की फेकून देऊ?

पत्र थोडक्यात असं: लिहिणारी मूळची सांगलीकडची, गेली 11 वर्षं जर्मनीत, ओडनवाल्डच्या डोंगराळ जंगलपट्ट्यातल्या एका छोट्या गावात नवरा आणि 13 वर्षांच्या मुलीबरोबर राहते. शेजारी एक 86 वर्षांचे रिटायर्ड फॉरेस्टर, मुलगी त्यांना 'ओपा' म्हणजे आजोबाच म्हणते. फेब्रुवारीत ते वृद्धाश्रमात गेले, घर रिकामं करताना त्यांनी यांना एक जुनी शिकारीची सुरी दिली. पातं 19 सेंटिमीटर, चामड्याचं म्यान, मूठ हस्तिदंताची, आणि तिच्यावर रानडुकराचा कान धरलेला कुत्रा कोरलाय. "माझ्या आजोबांची, एर्बाखला कोरलेली" एवढंच ते म्हणाले, आणि सुरी फुकट दिली की मैत्री तुटते म्हणून हिच्याकडून एक सेंट मागून घेतला. आता घरात तीन पार्ट्या. नवरा म्हणतो अशा वस्तूला दोन-अडीच हजार युरो येतात, विकू आणि मुलीच्या नावावर टाकू. सासऱ्यांना जुन्या हत्यारांचा नाद, ते म्हणतात दिवाळीला येताना बॅगेत घाला, पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या पूजेत ठेवता येईल. मुलगी म्हणते हा मेलेला हत्ती आहे, घरात नको, फेका. आणि हिला झोप नाही. "ताई, अँटिक आहे म्हणजे कायद्याचा प्रश्न नाही ना? आणि विकली तर पाप लागेल का?"

अगं, आधी जरा टेक. सुरी ड्रॉवरमध्ये आहे, दीडशे वर्षं टिकलीये असं तूच म्हणतेस, अजून दोन महिने थांबली तर तिला काही होत नाही. घाई तुम्हाला झालीये, तिला नाही. (दीडशे हा आकडा कुठून आला ते तू लिहिलेलं नाहीस बरं का, त्याच्याकडे येतेच.)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मला पहिला प्रश्न पडला तो असा की हे हस्तिदंत आहे हे नक्की कोणी ठरवलं? ओपांनी "हस्तिदंत" असं म्हटल्याचं पत्रात कुठेच नाही, ते म्हणाले "एर्बाखला कोरलेली". एर्बाख म्हटलं की लोक हस्तिदंत गृहीत धरतात, आणि त्याला कारणही आहे. तिथल्या काउंट फ्रान्झ पहिल्याने 1783 मध्ये गावात हस्तिदंत कोरण्याचा धंदा आणला, तो स्वतःही लेथवर बसून हस्तिदंताच्या वस्तू करायचा, पुढे तिथे कारागीर तयार करायची शाळा निघाली आणि आज तिथल्या किल्ल्यात जर्मनीचं हस्तिदंत म्युझियम आहे. पण तिथले कारागीर हाड आणि शिंगही कोरायचे, आणि जर्मन शिकारी सुऱ्यांची मूठ तर बहुतेक वेळा हरणाच्या शिंगाचीच असते. म्हणजे तुम्ही तिघं ज्या हत्तीवरून भांडताय तो हत्ती कदाचित हरीण निघेल किंवा बैल. मग सगळा प्रश्नच बदलतो ना.

बघायचं कसं. दहापट मोठं दाखवणारं भिंग आण, सोनार वापरतात तसलं, आणि मुठीचं मागचं टोक बघ, जिथे दात आडवा कापलेला असतो, वर धातूची टोपी नसेल तर. हत्तीच्या दातात तिथे बारीक कमानीसारख्या रेषा एकमेकींना छेदत जातात, चौकटीचं कापड तिरकं धरल्यासारखं दिसतं. त्यांना श्रेगर रेषा म्हणतात, त्या हत्तीच्या आणि मॅमथच्या (हत्तीचा नामशेष झालेला नातलग) दातातच असतात आणि प्लॅस्टिकवाल्यांना अजून नीट नक्कल जमलेली नाही. हाड असेल तर बारीक काळपट ठिपके किंवा छोट्या रेघोट्या दिसतील, रक्तवाहिन्यांच्या नळ्या असतात त्या. शिंग असेल तर आतला भाग स्पंजसारखा. आणि सगळीकडे एकसारख्या समांतर रेषा, आखणी केल्यासारख्या, दिसल्या तर बहुतेक सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीचं प्लॅस्टिक, ते 1870 च्या आसपास हस्तिदंताला पर्याय म्हणूनच बाजारात आलं. व्हिडिओत दाखवतात ती तापलेल्या सुईची टेस्ट कृपा करून करू नकोस. खरा दात असेल तर कायमचा डाग पडेल आणि सेल्युलॉइड असेल तर ते भडकन पेटतं.

आता वय. पात्याच्या मुळाशी, मुठीला लागून, काही शिक्का आहे का बघ, झोलिंगेनच्या (सुऱ्या-पात्यांसाठी प्रसिद्ध जर्मन शहर) कारखान्यांचे तिथेच असतात. 'रोस्टफ्राय' म्हणजे गंजरोधक असं लिहिलेलं असेल तर पातं पहिल्या महायुद्धाच्या आधीचं असणं जवळपास अशक्य, कारण ते पोलादच 1912 च्या सुमाराचं. 'मेड इन जर्मनी' असेल तर 1887 नंतरचं, इंग्रजांनी त्या वर्षी कायदा करून बाहेरच्या मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं तेव्हापासूनची ती पद्धत. काहीच नसेल तर जुनं असू शकतं, नसूही शकतं. आणि मूठ एका काळातली, पातं दुसऱ्या काळातलं असंही होतं, आपल्याकडे तलवारींना नव्या मुठी बसवायचे तसंच.

जाता जाता, सासऱ्यांना आवडेल म्हणून. जर्मन शिकाऱ्यांचं मोठं हत्यार म्हणजे हिर्शफेंगर, हरीण पकडणारा, त्याचं पातं चाळीस सेंटिमीटर आणि वर, जवळपास छोटी तलवारच. कुत्र्यांनी जखमी जनावर अडवून धरलं की शिकारी जवळ जाऊन याने शेवट करायचा, कारण बंदुकीतली गोळी एकदा सुटली की परत भरेपर्यंत डुक्कर अंगावर यायचं. बंदुका सुधारल्या तसा तो फॉरेस्टरच्या गणवेशात कमरेला लटकवायची शोभेची वस्तू झाला. तुझी 19 सेंटिमीटरची सुरी त्यातली नाही, ती त्याची धाकटी बहीण, रोजच्या कामाची शिकारी सुरी. मात्र कोरीव मूठ म्हटल्यावर रोज कोणी वापरत नसणार, हाताला कुत्र्याचे कान टोचतील. लग्नात किंवा रिटायरमेंटला मिळालेली असावी असं आपलं माझं मत.

बरं, भिंगातून बघितलं आणि रेषा दिसल्या, हस्तिदंतच आहे असं धरून चालू. मग "अँटिक आहे म्हणजे कायदा लागत नाही ना" या तुझ्या वाक्याकडे यायला हवं, कारण हा गैरसमज तुझ्या एकटीचा नाही, मला येणाऱ्या निम्म्या पत्रांत तो असतो. जुनं असणं ही सूट नाही, सूट मागायचं ते कारण आहे, आणि कारण सिद्ध तुम्ही करायचं.

युरोपात रेघ आखलीये 3 मार्च 1947 ला. त्याआधी कोरलेली वस्तू असेल तर ती अँटिक धरतात, पण विकायची तर जानेवारी 2022 पासून त्या जुन्या वस्तूलाही सर्टिफिकेट लागतं, ते राज्याच्या निसर्गसंरक्षण खात्याकडून घ्यायचं आणि वय किती ते कागदाने दाखवायचं. नुसतं "ओपा म्हणाले" चालत नाही. घरात ठेवायला, भेट द्यायला-घ्यायला जर्मनीत अडचण नाही, फक्त कोणी विचारलं तर रीतसर आली हे दाखवता आलं पाहिजे. आणि इथे मला तुझा तो एक सेंट आठवून हसू आलं. मैत्री तुटू नये म्हणून दिलेल्या एका सेंटला कोणी विक्री म्हणणार नाही गं, पण जो काही कागद कराल त्यावर "भेट" असा शब्द स्वच्छ लिहून घे.

नवऱ्याला सांग की ते अडीच हजार युरो ज्याने मागितले त्याला मिळाले का हे आधी बघ. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यात फार अंतर असतं. ईबेवर तर 2009 पासून हस्तिदंत विकायलाच बंदी आहे, म्हणून तिथे लोक "हाड" असं खोटं लिहून विकतात आणि सापडले की अडकतात. ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकाला पाठवू म्हणाल तर तिथे 2022 च्या जूनपासून वेगळाच कडक कायदा लागू झालाय, 1947 पूर्वीच्या वस्तूतसुद्धा हस्तिदंत एकूण आकारमानाच्या दहा टक्क्यांहून कमी असेल तरच साधी नोंदणी करून विकता येतं, आणि सुरीची अख्खी मूठच दाताची म्हटल्यावर दहा टक्के कुठले. म्हणजे उरलं काय, तर सर्टिफिकेट काढून जर्मनीतच एखाद्या जबाबदार लिलाववाल्याकडे जाणं. ते होऊ शकतं, मी नाही म्हणत नाही. पण तज्ज्ञाचा रिपोर्ट, फी, कमिशन वजा जाता हातात काय राहील ते एकदा कागदावर मांडायला सांग त्यांना. "हत्ती मेला तरी सव्वा लाखाचा" ही आपली म्हण आता कायद्याने खोटी पाडलीये.

सासऱ्यांचं प्रकरण सोपं आहे: नाही. बॅगेत घालून आणायची नाही, कुरिअर करायची नाही, कोणाच्या हाती पाठवायची नाही. पातं साडेसात इंच म्हणजे आपल्या शस्त्र कायद्यातल्या नऊ इंचांच्या आत बसतं, त्यामुळे त्यांना वाटत असेल की चालतंय, पण प्रश्न पात्याचा नाही, मुठीचा आहे. भारतात 1972 चा वन्यजीव कायदा आहे, 1986 च्या दुरुस्तीने देशी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि 1991 मध्ये आफ्रिकेतून आलेल्या हस्तिदंताचाही. कोणीतरी हुशारी करून मॅमथचा दात आहे, तो प्राणीच नामशेष आहे असं म्हणेल, तर तोही वाद 2003 मध्ये सुप्रीम कोर्टात झालाय आणि कोर्टाने सांगितलं की हस्तिदंत म्हणजे हस्तिदंत, मॅमथचाही आला त्यात. वर जर्मनीतून बाहेर काढायलाही बॉनच्या निसर्गसंरक्षण कार्यालयाचा कागद लागतो. मुंबईच्या एक्स-रे मशिनसमोर सासऱ्यांची हौस सांगून कोणी ऐकणार नाही, काही कलमांत किमान शिक्षाच तीन वर्षं आहे.

त्यांचा रस खरा आहे मात्र, तो नुसता नाही म्हणून मोडू नकोस. झोलिंगेनला जाऊन त्यांच्यासाठी लाकडी मुठीची एखादी चांगली सुरी घ्या, चेक-इन बॅगेत नीट गुंडाळून आणा, तीच ठेवा खंडेनवमीला पुजायला. शिंगाच्या मुठीची नको हं, हरणाचं शिंग म्हटलं की आपल्याकडे पुन्हा वनखात्याचीच भानगड. आणि या सुरीचे मोठे फोटो, शिक्क्याचे, कोरीव कामाचे, व्हॉट्सअ‍ॅपवर न पाठवता प्रिंट काढून द्या. ज्याला हत्यारांचा खरा नाद असतो तो माणूस फोटो बघत तासभर बसतो, माझ्या काकांना मी पाहिलंय.

इथे महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी एक पॅरा, कारण "आमच्याकडे आजोबांची हस्तिदंती मुठीची सुरी आहे", "पेटी आहे", "फणी आहे" अशी पत्रं येतात. आपल्याकडे अशी वस्तू ठेवायला मालकीचं सर्टिफिकेट लागतं, ते मुख्य वन्यजीव रक्षक देतात, त्यांचं ऑफिस नागपूरला. ज्यांनी जाहीर केलं नव्हतं त्यांच्यासाठी 2003 मध्ये 180 दिवसांची मुदत मिळाली होती, ती केव्हाच संपली. सर्टिफिकेट असलं तरी विकता येत नाही, आणि वारसाने आली तर 90 दिवसांत कळवायचं असतं. कागद नसेल तर लपवूही नका आणि उत्साहात उचलून ऑफिसातही जाऊ नका, आधी वकिलाकडून लेखी अर्ज तयार करा. मी हे अनुभवाने सांगतेय. माझ्या आजीची हस्तिदंती फणी होती, काळी पडली म्हणून मी एकदा साबणाच्या कोमट पाण्यात भिजत घातली, संध्याकाळी बघते तर उभी तडकलेली, दात दोन बाजूंना फाकलेले. आई दोन दिवस बोलली नाही. पुढे कायदा कळल्यावर वकिलाचा अर्ज घेऊन ते दोन तुकडे वनखात्यात जमा केले, पोच घेतली. कागदाच्या पुडीतले ते दोन तुकडे त्या टेबलावर इतके किरकोळ दिसत होते की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

म्हणून सुरी सांभाळताना एवढं पाळ: मुठीला पाणी नाही, साबण नाही, आणि आपलं ते खोबरेल तेल तर अजिबात नाही, तेल आत मुरतं आणि दात पिवळा पडतो. हीटरच्या वर किंवा खिडकीत ठेवू नकोस, जर्मनीत हिवाळ्यात घरातली हवा सुकी असते त्याने तडा जातो. पातं म्यानात ठेवू नकोस, चामड्यातल्या आम्लाने गंज चढतो, आणि तो गंज मुठीच्या आत शिरला की फुगतो आणि मूठ आतून फोडतो. दोन्ही शेजारी-शेजारी ठेव, सुती कापडात. धार लावू नका, घासून चकचकीत करू नका, नवऱ्याला हे विशेष सांग.

आता मुलगी. मला तुमच्या घरात तिचंच म्हणणं सगळ्यात सरळ वाटलं. हस्तिदंत हा शब्द ऐकून आपल्याला नक्षी आठवते, तिला हत्ती आठवला. आणि ती बरोबर आहे, दाताचा जवळपास एक तृतीयांश भाग कवटीत रुतलेला असतो, तो अख्खा काढायचा तर हत्ती मरावाच लागतो. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतला दात गुलामांच्या आणि हमालांच्या खांद्यावरून किनाऱ्याला यायचा, तिथून झांझिबार, आणि झांझिबारहून बराचसा मुंबईला येऊन पुढे लंडनला जायचा. म्हणजे ही मूठ तुमच्या गावात पोचायच्या आधी आपल्या मुंबईच्या गोदीत उतरली नसेलच असं नाही. तिला हे सांग, तिला असल्या गोष्टी कळतात.

पण फेकून द्यायचं म्हणजे काय करायचं? कचऱ्यात टाकलेली सुरी कोणीतरी उचलणार आणि विकणारच. केनियाने 2016 मध्ये नैरोबीत 105 टन हस्तिदंत जाळलं ते साठा परत बाजारात जाऊ नये म्हणून, जगाला दाखवायला. तुमची एक मूठ जाळून बाजाराला काही कळणार नाही आणि ओपांच्या आजोबांची एकमेव खूण जाईल. तिला विचार की घरात ठेवायची नसेल तर एर्बाखच्या म्युझियमला दिलेली चालेल का. आधी फोटो पाठवून विचारा, त्यांना हवीच असेल असं नाही, असल्या वस्तू त्यांच्याकडे पुष्कळ येत असणार. पण वस्तू ज्या गावात कोरली गेली तिथून तासाभरावर तुम्ही राहता, हे सगळ्यांना जमत नाही. दाखवायला न्यायची झाली तर कुलूपबंद पेटीत न्या. बारा सेंटिमीटरपेक्षा लांब, न दुमडणाऱ्या पात्याची सुरी जर्मनीत सहज पोहोचेल अशी जवळ घेऊन फिरता येत नाही, पिशवीत टाकून ट्रेनमध्ये बसू नका.

आणि पापाचं विचारलंस. ते मला ठरवता येत नाही, पण तुझी झोप हत्तीमुळे उडालीये असं मला पत्रावरून वाटत नाही. तू पत्रात सुरीची लांबी लिहिलीस, म्यानाचा रंग लिहिलास, नवऱ्याने पाहिलेले भाव लिहिलेस. फेब्रुवारीनंतर ओपांना भेटायला गेलीस का, हे मात्र एका ओळीनेही लिहिलं नाहीस. घरात त्यांच्या सुरीचा भाव चाललाय आणि त्यांच्यासमोर बसायचं, म्हणून टाळत असशील तर ते मला समजतं. मीही टाळलं असतं.

तरी जा. आणि हे मी नुसतं भावनेपोटी म्हणत नाही. तुम्ही काहीही ठरवा, विका, ठेवा, म्युझियमला द्या, प्रत्येक वाटेवर एकच गोष्ट लागणार आहे, ही सुरी कोणाची, कधीची, कुठून आली. आणि ते सांगणारा माणूस 86 वर्षांचा आहे. आजोबांचं नाव, जन्मसाल, ते काय काम करायचे, सुरी कोणी आणि कशासाठी दिली, कोरणारा कोण, युद्धात ती कुठे होती, हे सगळं विचार, मुलीला घेऊन जा, तिचं जर्मन तुझ्यापेक्षा चांगलं असणार आणि नातीसारखी आहे म्हणून ते तिला जास्त सांगतील. फोनवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना विचारून. मग घरी येऊन एक पान टाइप करा, तारीख घाला, पुढच्या भेटीत त्यांची सही घ्या. आजोबा कमरेला सुरी लावून उभे आहेत असा एखादा जुना फोटो असेल तर त्याची कॉपी मागा, वयाचा पुरावा म्हणून त्याच्याइतकं काही चालत नाही. रेडिओकार्बन टेस्ट वगैरेही असते पण त्यासाठी मुठीतून थोडं खरवडावं लागतं, फोटो सापडला तर त्याची वेळच येणार नाही.

तिथेच हळूच हेही विचार की सुरी तुम्हाला दिली हे त्यांच्या घरच्यांना, कोणी मुलं-पुतणे असतील तर, माहीत आहे का. त्यांनी मनापासून दिली यात मला शंका नाही, पण घर रिकामं करायच्या गडबडीत माणूस वस्तू वाटत सुटतो आणि मग कोणीतरी वर्षभराने विचारतं, आजोबांची सुरी कुठेय. आणि विकायचा विचार नवऱ्याच्या डोक्यातून गेला नसेल तर तेही त्यांनाच सरळ विचार, "आम्ही ती दुसऱ्या कोणाला दिली तर चालेल का?" म्हातारी माणसं आपण समजतो तेवढी हळवी नसतात. कदाचित म्हणतील, विका, मला काय करायचंय, आणि तू उगाच तीन महिने जागी राहिलेली असशील. कदाचित गप्प बसतील. मग तुला कळेलच.

सुरी घेऊन जाऊ नकोस, वृद्धाश्रमात गोंधळ होईल. फोटो ने, आणि ते मोबाईलवर दाखवू नकोस, चांगले पानभर मोठे प्रिंट काढ, त्यांना त्या कुत्र्याचा कान बोटाने दाखवता आला पाहिजे.